पाण्यावरून खरंच युद्धं होतात का? संशोधन काय सांगतं, आणि आपण पंचगंगाकाठचे काय सांगतो

कसबा_बावडा (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी,

२२ एप्रिल २०२५ ला पहलगामचा हल्ला झाला, दुसऱ्याच दिवशी भारतानं सिंधू पाणीवाटप करार स्थगित ठेवल्याचं जाहीर केलं, आणि तेव्हापासून आपल्याकडं चहाच्या गाड्यापासून सोसायटीच्या ग्रुपपर्यंत जो तो पाण्यातला जाणकार झालाय. मी इथल्याच एका कॉलेजात राज्यशास्त्र शिकवतो. देशादेशांतल्या नद्यांचे करार आणि सुरक्षा यावर पीएचडीचं काम चाललंय. त्यामुळं वर्गात, कट्ट्यावर, लग्नाच्या पंगतीत, सगळीकडं एकच प्रश्न येतो: पाण्यावरून युद्ध पेटणार का? पंगतीत उत्तर द्यायला घेतलं की मठ्ठा येईपर्यंत समोरच्याचा रस संपलेला असतो. म्हणून इथं लिहितोय. लांबलंय, आधीच सांगतो.

पाणीयुद्धाची भाषा नव्वदच्या दशकात जोरात आली. जागतिक बँकेचे तेव्हाचे उपाध्यक्ष इस्माइल सेरागेल्दिन १९९५ मध्ये बोलून गेले की पुढच्या शतकातली युद्धं पाण्यासाठी होतील. विधान खमंग होतं, जगभर छापलं गेलं. मग अमेरिकेतल्या ओरेगन स्टेट विद्यापीठात ॲरन वुल्फ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक किचकट उद्योग हाती घेतला. १९४८ ते १९९९ या काळात नद्यांच्या पाण्यावरून देशादेशांत जे जे घडलं ते सगळं त्यांनी नोंदवून काढलं. धमकीचं भाषण, निषेधाचा खलिता, करार, गोळीबार, काही सोडलं नाही. नोंदी भरल्या १,८३१. त्यातल्या १,२२८ सहकार्याच्या, ५०७ भांडणाच्या, उरलेल्या धड इकडच्या ना तिकडच्या. हाणामारीपर्यंत गेलेल्या फक्त ३७, आणि त्यातल्या ३० एकट्या इस्रायल आणि त्याच्या शेजाऱ्यांमधल्या. निव्वळ पाण्यासाठी दोन राज्यांत झालेलं युद्ध शोधायचं तर साडेचार हजार वर्षं मागं, सुमेरमधल्या लगश आणि उम्मा या नगरराज्यांपर्यंत जावं लागतं.

माझ्या मते याहून मोलाचा आहे तो २००३ मध्ये त्यांनी काढलेला निष्कर्ष. पाऊस कमी, लोक जास्त, गरिबी फार, म्हणून भांडण, असा आपला अंदाज असतो. आकड्यांत तो फारसा टिकला नाही. तणाव वाढतो तो नदीच्या खोऱ्यात बदल झपाट्यानं होतात आणि ते पचवणारी यंत्रणा नसते किंवा कमकुवत असते तेव्हा. म्हणजे धरण हे एकट्यानं भांडणाचं कारण नाही. धरण बांधताना शेजाऱ्याशी बोलायला जागाच नाही, हे कारण आहे.

सिंधूचंच बघा. १ एप्रिल १९४८ ला पूर्व पंजाबनं पाकिस्तानकडं जाणाऱ्या कालव्यांचं पाणी बंद केलं. महिनाभरात तात्पुरता समझोता झाला, आणि बारा वर्षांच्या घासाघिशीनंतर, शेवटी जागतिक बँकेच्या मध्यस्थीनं, १९ सप्टेंबर १९६० ला कराचीत नेहरू आणि अयूब खान यांनी सह्या केल्या. रावी, बियास, सतलज आपल्याकडं; सिंधू, झेलम, चिनाब त्यांच्याकडं. भारतानं ६ कोटी २० लाख ६० हजार पौंड दहा हप्त्यांत द्यायचे ठरले होते. १९६५ चं युद्ध झालं तरी हप्ते थांबले नाहीत. १९७१ झालं, कारगिल झालं, करारानं नेमलेले दोन्ही बाजूंचे सिंधू आयुक्त भेटत राहिले. उंदला आलम या अभ्यासिकेनं २००२ च्या लेखात याचा सरळ अर्थ लावलाय: युद्ध जिंकून पाण्याची दीर्घकाळची हमी मिळत नाही, करारानं मिळते, हे दोघांनाही कळत होतं. प्रेमाबिमाचा प्रश्नच नव्हता.

आता माझा मुद्दा. या सगळ्या अभ्यासात लोक धरणं, टीएमसी (अब्ज घनफूट), मेगावॅट बघतात. आकड्यांच्या देवाणघेवाणीकडं फार कमी जण बघतात. ब्रह्मपुत्रेच्या पावसाळी पातळीची माहिती चीननं भारताला द्यावी असा २००२ पासून समझोता होता आणि त्यासाठी आपण पैसेही मोजत होतो. २०१७ च्या पावसाळ्यात, नेमका भारत-चीनचा डोकलामचा तिढा चालू असताना, ती माहिती आली नाही. पाणी मोजणाऱ्या केंद्रांची दुरुस्ती चालू आहे, असं चीननं सांगितलं. नदी एक थेंब अडली नव्हती, फक्त आकडा अडला होता. पाणी अडवायला पंधरा-वीस वर्षं आणि डोंगराएवढा पैसा लागतो. आकडा अडवायला एक फोन पुरतो. माझा प्रबंध इथं उभा आहे: नदीच्या बाबतीत सुरक्षेचा पहिला तडा माहिती बंद होण्यात दिसतो.

आणि हे कोल्हापूरकरांना समजावून सांगावं लागू नये. जुलै-ऑगस्टात सकाळी उठल्यावर आपण आधी काय बघतो? राजाराम बंधारा पाणी पातळी, पाण्याखालचे बंधारे, राधानगरीचे किती स्वयंचलित दरवाजे उघडले, कर्नाटकातल्या अलमट्टी धरणाचा विसर्ग किती क्युसेक. ३९ फूट इशारा, ४३ फूट धोका, हे इथल्या शाळकरी पोराला पाठ असतं. म्हणून विचारतोय: खालच्या-वरच्या गावांत, दोन राज्यांत, पाण्याचा आकडा वेळेवर मिळणं-न मिळणं याचे तुमचे अनुभव लिहा. एक विनंती, अलमट्टीमुळं पूर येतो की नाही यावर इथं कुस्ती नको. २०१९ च्या पुराचा अभ्यास करणाऱ्या वडनेरे समितीनं अलमट्टीला मुख्य कारण मानलं नाही, शिरोळ-सांगलीकडच्या अनेक जणांना ते पटलेलं नाही, दोन्ही बाजू मला माहीत आहेत.

टवाळ_तालीम

पहिला! वाचतोय सर. तेवढं सांगा, त्या लगशवाल्यांनी उम्माच्या वरच्या अंगाला बंधारा घातला होता का? म्हणजे साडेचार हजार वर्षांपूर्वीपण खालचे वरच्याला शिव्या घालत होते, एवढं कळलं तरी बास.

कसबा_बावडा

@टवाळ_तालीम, भांडण दोघांच्या हद्दीवरच्या सुपीक पट्ट्याचं आणि त्यातल्या कालव्यांचं होतं. शिव्यांची नोंद तेव्हाच्या लेखांत आहेच, शापवाण्या म्हणतात त्यांना.

खवचट_काका

लेख बरा आहे, पण ती १,८३१ नोंदींची गंमत मला पटत नाही. देशादेशांतलं मोजलं, देशाच्या आतलं गाळलं. १९९१ ला कावेरीच्या अंतरिम निवाड्यानंतर बंगळुरूत दंगल झाली, माणसं मेली. २०१६ ला पुन्हा बस जाळल्या. ते तुमच्या यादीत कुठं बसतं? मरणाऱ्याला काय फरक पडतो, सीमा आंतरराष्ट्रीय होती की आंतरराज्य?

दुसरं, "फक्त" ३७ म्हणताय. १९६४ ते ६७ दरम्यान सीरियाच्या हद्दीत जॉर्डनच्या उपनद्या वळवायचं काम सुरू झालं, इस्रायलनं तोफा-विमानांनी ते मोडलं आणि पुढं सहा दिवसांचं युद्ध झालं. एवढा मोठा अपवाद तळटीपेत ढकलून "पाण्यावरून युद्ध होत नाही" म्हणायचं?

शिरोळकर

सर, तुमी अनुभव इचारलाय म्हून लिवतोय. कुस्ती करत न्हाई.

आमचं घर कुरुंदवाडच्या बाजूला, नदी दिसत न्हाई पण पावसाळ्यात आवाज येतोय. २०१९ ला राजारामला पंचावन्न फुटाच्या वर पाणी गेलं, ते सगळ्या जगानं बघितलं. पण आमाला राजारामचा आकडा उशिराचा हाय. आमाला लागतोय कृष्णेचा. पंचगंगा आणि कृष्णा नरसोबाच्या वाडीत मिळत्यात. कृष्णा फुगली की पंचगंगेचं पाणी पुढं सरकत न्हाई, तुंबून मागं येतंय. मग कोयनेतनं किती सोडलं, राजापूर बंधाऱ्यावर किती हाय, आणि पुढं कर्नाटकात हिप्परगी-अलमट्टीतनं किती चाललंय, ही तीन बघितल्याशिवाय म्हशी कवा हलवायच्या ते ठरत न्हाई.

माझी आज्जी आकडे बघायची न्हाई. तिचं माप वाडीच्या देवळाचं. दक्षिणद्वार झालं, म्हंजी पाणी गाभाऱ्यातनं दक्षिण दरवाज्यानं भाईर पडलं, की लोक स्नानाला धावायचे आणि ती शेणी माळ्यावर चढवायला घ्यायची. सोहळा सोहळ्याच्या जागी. २०१९ ला तेवढा दम मिळाला न्हाई. रात्रीत आठ-नऊ पायऱ्या पाणी आलं. मोबाईलवर मेसेज येत हुते, पर सकाळचा मेसेज दुपारी, आणि दुपारचा आला तवा टॉवरच बंद. एक मेसेज म्हणतोय विसर्ग वाढिवला, दुसरा म्हणतोय कमी केला, दोन्हीवर तारीख न्हाई. कुणाचा खरा धरायचा? पुढं दोन दिसांनी एनडीआरएफची बोट आली. तवर आमी माळ्यावर.

दोष कुणाचा ते तुमी म्हणालात म्हून सोडतो. पर आकडा उशिरा आला तर काय हुतंय ते आमाला इचारा.

कसबा_बावडा

@शिरोळकर, मनापासून आभार. "दोन्हीवर तारीख नाही" हे मी जसंच्या तसं टिपून ठेवलंय. करारांच्या भाषेत याला नियम असतात: कुठल्या केंद्राची पातळी, किती वाजता मोजली, किती वेळात कळवायची. ब्रह्मपुत्रेच्या समझोत्यात नुगेशा, यांगत्सुन आणि नुशिया अशी केंद्रांची नावंसुद्धा होती.

@खवचट_काका, तुमच्या पहिल्या आक्षेपाला मी हात जोडतो, तो वाजवी आहे. देशाच्या आतली हिंसा जास्त आणि तिचा अभ्यास तुलनेनं कमी. टोरांटोचे थॉमस होमर-डिक्सन हेच म्हणत होते: टंचाईतून देशादेशांत युद्ध क्वचित, देशाच्या आत मारामारी जास्त. दुसऱ्याबद्दल मात्र थोडा वाद घालतो. जॉर्डनच्या प्रकरणात पाणी हे एक कारण होतं, पण तिथं युद्धाची परिस्थिती १९४८ पासून धगधगतच होती. पाणी कारण असणं, पाणी शस्त्र असणं आणि पाण्याची व्यवस्था लक्ष्य होणं, या तीन गोष्टी वेगळ्या ठेवायला हव्यात. ६ जून २०२३ ला युक्रेनमधलं काखोव्का धरण फुटलं, तिथं युद्ध पाण्यासाठी नव्हतं, पण धरण युद्धात सापडलं. जिनिव्हा करारांना १९७७ मध्ये जोडलेल्या पहिल्या शिष्टाचाराचं (प्रोटोकॉलचं) ५६ वं कलम धरणांना संरक्षण देतं. भारत त्या शिष्टाचारात सामील नाही, हेही जाता जाता.

सुभेदार_गडहिंग्लज

जय हिंद. नोकरीत काही वर्षं जम्मूकडं काढली, चिनाब जवळून बघितली आहे. अखनूरच्या पुलावरून बघितलं की धडकी भरते एवढं पाणी. आमच्या गावातले लोक म्हणतात, "सुभेदार, आता नळ बंद केला म्हणायचा." मला साधं विचारायचंय: एवढं पाणी बंद करून ठेवणार कुठं?

कसबा_बावडा

सुभेदारसाहेब, नेमका प्रश्न. करारातले आकडे दशलक्ष एकर-फुटांत असतात, आपण टीएमसीत करून बघू. पश्चिमेच्या तीन नद्यांचं वर्षाचं पाणी ढोबळमानानं १३५ दशलक्ष एकर-फूट धरतात. म्हणजे साधारण ५,८८० टीएमसी. आपलं कोयना धरण १०५ टीएमसीचं. छप्पन्न कोयना भरतील एवढं पाणी. करारानं भारताला या नद्यांवर साठवण करायची मुभा दिली होती ३.६ दशलक्ष एकर-फूट, म्हणजे साधारण १५७ टीएमसी, दीड कोयना. तेवढीसुद्धा आपण कधी पुरती वापरली नाही. सलाल, बगलिहार हे वाहत्या पाण्यावर वीज करणारे प्रकल्प, त्यांच्या पोटात साठा किरकोळ. उन्हाळ्यात बर्फ वितळून लोंढा येतो तेव्हा तो अडवणं आजच्या घडीला कुणाच्याच हातात नाही.

हातात काय आहे? वेळ. जानेवारी-फेब्रुवारीत चिनाब रोडावलेली असते, तेव्हा जलाशय रिकामा करून पुन्हा भरायला घेतला तर खाली चार-आठ दिवस पाणी तुटतं आणि उभ्या पिकाला ते झोंबतं. म्हणूनच करारात गाळ कधी काढायचा, जलाशय कोणत्या महिन्यांत भरायचा याच्या तारखा आहेत: २१ जून ते ३१ ऑगस्ट, ऐन पावसाळ्यात. मे २०२५ मध्ये बगलिहार-सलालचा गाळ काढल्याच्या बातम्या आल्या तेव्हा पलीकडं ओरड झाली ती म्हणूनच.

आता माझ्या प्रबंधाच्या कामाची गोष्ट. ऑगस्ट २०२५ मध्ये जम्मूत तावी नदीला पूर आला. करार स्थगित, आयुक्तांचा मार्ग बंद. तरी भारतानं पाकिस्तानला पुराचा इशारा कळवला, इस्लामाबादमधल्या आपल्या उच्चायुक्तालयामार्फत, माणुसकीच्या भूमिकेतून. म्हणजे आकडा गेला, पण रिवाज म्हणून गेला नाही, मेहेरबानी म्हणून गेला. पुढच्या पुराला जाईलच, असं खालचा माणूस धरून चालू शकत नाही. शिरोळकर सांगतायत त्यातला अर्धा त्रास या अनिश्चितीचा आहे, असं मला वाटतं.

राजारामपुरी_सातवी_गल्ली

धागा आवडला. मीही याच वाटेवरची, म्हणून थोडं टोचते.

सर, तुम्ही करार झाला की "सहकार्य" म्हणून खूण करताय. २००६ मध्ये झैतून आणि वॉर्नर यांनी नद्यांवरच्या वर्चस्वाची जी मांडणी केली, ती तुमच्या पहिल्या प्रकरणात हवीच. त्यांचा मुद्दा असा की बलवान देशाला लढायची गरजच पडत नाही. तो करारच असा करून घेतो की दुबळ्याला सही करावी लागते. नाईलचा १९५९ चा करार घ्या. इजिप्तला ५५.५ अब्ज घनमीटर, सुदानला १८.५, आणि जिथून निळी नाईल (ब्लू नाईल) निघते त्या इथिओपियाला बैठकीला बोलावणंसुद्धा नाही. कागदावर हे "सहकार्य"! इथिओपियानं २०११ मध्ये स्वतःच्या पैशावर धरण बांधायला घेतलं, सप्टेंबर २०२५ मध्ये ५,१५० मेगावॅटचा प्रकल्प उद्घाटन करून मोकळा झाला, आणि इजिप्त १९५९ चा कागद धरून बसलाय. तुमच्या आकड्यांच्या सिद्धांताला हे लावून बघा. इथं माहिती अडलेली नाही, उपग्रहातून अख्ख्या जगाला तलाव भरताना दिसत होता. भांडण तरीही आहे.

दुसरी अडचण व्यवहारातली. सिंधू, गंगा, ब्रह्मपुत्रा या खोऱ्यांची आपल्या सरकारकडची मोजमापं गोपनीय असतात. कृष्णा, गोदावरीची खुली. तुम्ही ज्या नदीवर लिहिताय तिचे आकडे तुम्हालाच मिळणार नाहीत!

टवाळ_तालीम

ताई, टोचलं म्हणताय, हे तर डायरेक्ट दंगलीत चितपट झालं.

कसबा_बावडा

@राजारामपुरी, चितपट नाही, पण पाठ लागायच्या बेतात आहे.

नाईलबद्दल: उपग्रहातून तलाव किती भरला ते दिसतं, उद्या किती सोडणार ते दिसत नाही. इजिप्त-सुदानची जी मागणी अडलेली आहे ती हीच: दुष्काळाच्या वर्षात धरण कसं चालवणार त्याचं बांधील वेळापत्रक. सुदानचं रोसेरेस धरण या नव्या धरणाच्या अगदी खालच्या अंगाला आहे. वरून न कळवता पाणी सोडलं तर पहिला फटका त्याला. तेव्हा माझा मुद्दा थोडा वाढवून म्हणतो: झालेल्या पाण्याचा आकडा आणि होणाऱ्या पाण्याचा आकडा. दुसरा जास्त महाग. वर्चस्वाची मांडणी मात्र मी प्रकरणात घेतोय, तुमचं बरोबर आहे. आणि ही गोष्ट फार जुनी: १८९५ मध्ये अमेरिकेचे ॲटर्नी जनरल जडसन हार्मन यांनी मत दिलं होतं की आमच्या हद्दीतल्या रिओ ग्रांदेचं आम्ही काहीही करू, मेक्सिकोचा हक्क नाही. पुढं १९०६ ला त्याच अमेरिकेनं मेक्सिकोला वर्षाला ६०,००० एकर-फूट पाणी द्यायचा करार केला. ताकद होती, तरी केला.

गोपनीयतेचं दुखणं खरं आहे. त्यावर तोडगा म्हणून मी करारांचे मसुदे, लवादांचे निवाडे, संसदेतली उत्तरं आणि वर्तमानपत्रांच्या नोंदी यावर भर देतोय. आणि तुलनेला कृष्णा. मार्गदर्शकांना सुरुवातीला वाटलं होतं की आंतरराष्ट्रीय विषयात आंतरराज्य नदी कशाला. पण बघा, बच्छावत लवाद १९६९ ला नेमला, १९७३ ला निवाडा, १९७६ ला अंतिम. महाराष्ट्र ५६०, कर्नाटक ७००, आंध्र ८०० टीएमसी. ब्रिजेशकुमार लवाद २००४ ला नेमला, २०१० ला अहवाल, २०१३ ला पुढचा अहवाल, आणि सर्वोच्च न्यायालयातल्या स्थगितीमुळं तो वर्षानुवर्षं राजपत्राबाहेर. अलमट्टीची ५१९.६ मीटरची पातळी ५२४ वर नेण्याचा वाद त्यातच. एक देश, एक राज्यघटना, एक न्यायालय असून ही गत. मग वरती न्यायालयच नसलेल्या जगात काय अपेक्षा ठेवायची? तुलना म्हणूनच लागते.

अनामिक_जयसिंगपूर

यूएन काय करतं हो? की नुसतं ठराव पास करून चहा पितात?

कसबा_बावडा

चहाबद्दल कल्पना नाही. १९९७ च्या मे महिन्यात आमसभेनं आंतरराष्ट्रीय जलप्रवाहांचा करार १०३ विरुद्ध ३ मतांनी मंजूर केला. विरोधात चीन, तुर्कस्तान, बुरुंडी. भारत आणि पाकिस्तान दोघेही तटस्थ, याबाबतीत आपलं एकमत! अमलात यायलाच २०१४ उजाडलं. सुरक्षा परिषदेनं पाणी आणि शांतता या विषयावर पहिली खास चर्चा केली ती नोव्हेंबर २०१६ मध्ये, सेनेगलच्या अध्यक्षतेखाली. इजिप्तनं इथिओपियाचं धरण २०२० आणि २०२१ ला परिषदेत नेलं, परिषदेनं ते आफ्रिकी संघाकडं परत सोपवलं. पाचही कायम सदस्यांच्या घरी स्वतःच्या किंवा मित्रांच्या नद्या आहेत, त्यामुळं कुणाला हा पायंडा नको. हे माझं मत, पुराव्यानिशी सिद्ध करता येणार नाही.

सेनेगलच का, तर त्यांच्याकडं सांगण्यासारखं आहे. १९७२ पासून सेनेगल नदीवर माली, मॉरिटानिया आणि सेनेगल यांनी काढलेली एकत्र संस्था आहे, आणि धरणं कुठल्या एका देशाची नाहीत, सामाईक मालकीची. मालीतलं मनानताली धरण तिघांचं. १९८९ ला सेनेगल आणि मॉरिटानियात रक्तपात झाला, सीमा बंद झाली, पण संस्था टिकली.

साखर_कारखाना_सीझन

अवांतर होईल, पण लिहितो. लंडनचे टोनी ॲलन म्हणून प्राध्यापक होते, त्यांना २००८ चा स्टॉकहोम जलपुरस्कार मिळाला. त्यांचा मुद्दा: मध्यपूर्वेतले देश पाण्यासाठी लढले नाहीत कारण ते गहू आयात करतात, म्हणजे गव्हाच्या पोत्यातून पाणीच आणतात. हे आपल्याला उलटं लावा. एक किलो उसाच्या साखरेला जगाची सरासरी सुमारे १,८०० लिटर पाणी धरतात. २०२१-२२ ला देशातून ११० लाख टनांच्या आसपास साखर बाहेर गेली. आपण टीएमसीसाठी कर्नाटकाशी भांडतो आणि पोत्यात भरून बंदरावर पाठवतो. मी कारखान्यातच नोकरीला आहे, त्यामुळं नाव विचारू नका.

खवचट_काका

@साखर, तुमचं पटलं, पण उसाला आपल्याकडं पावसाचं पाणीही बरंच मिळतं. सगळे १,८०० लिटर कालव्यातले नव्हेत. सोलापूरच्या उसाला आणि पन्हाळ्याच्या उसाला एकच माप लावू नका.

ऱ्हाईनकाठी

मूळचा मंगळवार पेठेतला, सध्या ड्युसेलडॉर्फला. इकडं ऱ्हाईनचा आयोग १८१५ पासून आहे, व्हिएन्ना परिषदेत नेपोलियननंतरचा नकाशा आखताना ठरला. नौकानयनासाठी होता, शांततेसाठी नव्हे. त्यानंतर या काठानं तीन मोठी युद्धं बघितली, आयोग अजून आहे.

प्रदूषणाचा वेगळा आयोग १९५० चा. तो बरीच वर्षं निवांत होता. १ नोव्हेंबर १९८६ ला स्वित्झर्लंडमध्ये बाझलजवळ रसायनांच्या गोदामाला आग लागली, विझवलेलं पाणी नदीत गेलं, नदी लाल झाली, मासे मेले, आणि खालच्या देशांना वेळेत नीट कळवलं गेलं नाही म्हणून मोठा गदारोळ झाला. त्यानंतर इशाऱ्याची यंत्रणा कडक केली गेली. आज उन्हाळ्यात इथले मालवाहू बोटवाले काउब गावाची पातळी बघतात, जशी आपण राजारामची. तेवढ्या एका आकड्यावर बोटीत किती माल भरायचा ते ठरतं. कुणी तो लपवत नाही, कारण सगळ्यांचाच धंदा त्यावर.

सुभेदार_गडहिंग्लज

चांगली माहिती मिळाली. गंगेचं कुणी बोललं नाही?

राजारामपुरी_सातवी_गल्ली

सुभेदारसाहेब, १२ डिसेंबर १९९६ चा भारत-बांगलादेश करार, मुदत तीस वर्षं, म्हणजे डिसेंबर २०२६. पश्चिम बंगालातल्या फराक्का बंधाऱ्यावर १ जानेवारी ते ३१ मे दर दहा दिवसांचा हिशेब. ७० हजार क्युसेक किंवा कमी असेल तर निम्मं-निम्मं. ७० ते ७५ हजार असेल तर बांगलादेशला ३५ हजार, उरलेलं आपल्याला. त्याच्या वर गेलं की आपल्याला ४० हजार, उरलेलं त्यांना. आकड्यांच्या देवाणघेवाणीवर प्रबंध लिहायचा तर सिंधूपेक्षा हा करार जास्त सोयीचा. दोन्ही देशांची माणसं एकाच जागी उभी राहून रोज पाणी मोजतात. सर, नदी बदला!

कसबा_बावडा

@राजारामपुरी, नोंदणी झालेल्या विषयाचं शीर्षक बदलायला काय काय करावं लागतं ते तुम्हाला माहीत आहे, नाहीतर आजच बदलली असती. फराक्का एक प्रकरण म्हणून नक्की घेतो. एकत्र मोजणीची कल्पना मला महत्त्वाची वाटते. वरच्यानं मोजून खालच्याला कळवणं आणि दोघांनी मिळून मोजणं यात विश्वासाचा फार फरक पडतो. ऱ्हाईनकाठी यांचं काउब तसंच.

चीनकडं तसं काहीच नाही. २००२ चा समझोता दर पाच वर्षांनी वाढत होता, जून २०२३ मध्ये संपला. आणि जुलै २०२५ ला तिबेटात, ब्रह्मपुत्रेच्याच वरच्या अंगाला मेदोगला, ६० हजार मेगावॅटच्या प्रकल्पाचं काम सुरू झालं. वुल्फ यांच्या कसोटीवर बघा: खोऱ्यात बदल प्रचंड वेगानं आणि बोलायची यंत्रणा जवळजवळ शून्य. मला विचाराल तर सिंधूपेक्षा तिकडं लक्ष ठेवायला हवं. तिथंही युद्ध होईल असं मी म्हणत नाही. आसामातल्या एखाद्या शिरोळकराला रात्रीत म्हशी हलवायला लागतील, एवढं म्हणतोय.

@शिरोळकर, तुमच्याकडं किंवा गावात कुणाकडं राजापूर बंधाऱ्याच्या जुन्या पातळ्या लिहून ठेवलेल्या आहेत का? सरकारी नोंदी मिळतील, पण लोकांपर्यंत आकडा प्रत्यक्षात कधी पोचला ते त्यात नसतं.

शिरोळकर

हाय की. आमच्या वडलांना सवय हुती, भिंतीवरच्या कॅलेंडरवर पावसाळ्यात रोजच्या चौकटीत पेन्सिलनं पाणी लिवायचं, आणि कुणी सांगितलं ते पण. "तलाठी, सकाळी", "रेडिओ", "दूधवाला", असं. २००५ च्या पुराचं कॅलेंडर भिजलंय पर वाचता येतंय. त्याच्या आधीची पाच-सा वर्षंपण ट्रंकंत हायती. २०१९ चं मिळणार न्हाई, ते घरासकट गेलं. २०२१ चं मी सवता लिवलंय, त्यात "व्हॉट्सॲप" लई वेळा हाय.

घिऊन जावा, पर परत द्या.

कसबा_बावडा

अहो, हे सोनं आहे. नेत नाही, तुमच्या घरीच येऊन फोटो काढतो, म्हणजे कागद हलायला नको. रविवारी चालेल? खासगी निरोपात पत्ता पाठवा. "कुणी सांगितलं" हा रकाना मला अख्ख्या सिंधू आयोगाच्या इतिवृत्तात सापडलेला नाही.

टवाळ_तालीम

सर, रविवारी शिरोळला जाताय तर मीबी येतो गाडी घेऊन. फोटोला उजेड धरायला माणूस लागंल, आणि येताना वाडीची बासुंदी.

खवचट_काका

१९९१ च्या कावेरी दंगलीचं उत्तर अजून अर्धवटच आहे. रविवार झाला की लिहा.